गाडी उभी राहिली की बॅटरी बसते: जुन्या गाडीतला चोरटा करंट कसा शोधला

रोज चालवली तर गाडीबद्दल एक तक्रार नव्हती. सकाळी पहिल्या सेल्फला चालू, दिवसभरात कुठेही बंद करा, पुन्हा लगेच चालू. पण लागोपाठ दोन रात्री जागेवर राहिली की चावी फिरवल्यावर नुसतं टक टक टक. डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत जायचे आणि मग सगळं शांत. दुसऱ्या बॅटरीवरून जंपर लावला की पुन्हा सुरळीत, जणू काही झालंच नव्हतं.

तुमच्याकडे हेच होत असेल, तर गाडी बंद असतानाही तिच्यात कुठेतरी करंट वाहतोय असं समजायला हरकत नाही. इलेक्ट्रिशियन याला ‘लीकेज’ म्हणतात, इंग्रजीतलं नाव ‘पॅरासिटिक ड्रेन’. मी इथे त्याला चोरटा करंट म्हणतो.

माझी गाडी अठरा वर्षांची. हा त्रास जवळजवळ चार महिने चालला. त्यात एक नवी बॅटरी घेऊन झाली, अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर, उतरवून तपासून झाला, आणि एकदा तर दोष सापडला म्हणून मी निश्चिंतही झालो. सोळा दिवसांनी गाडी पुन्हा बसली. मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचं यंत्र, पुढे नुसता ‘मीटर’) मी बरोबर लावला होता, आकडाही बरोबर वाचला होता. फक्त गाडी ज्या अवस्थेत रात्र काढते, त्या अवस्थेत ती मोजलीच नव्हती. ते कसं घडलं ते पुढे येईल. पण क्रमाने जाऊ, कारण आधीच्या पायऱ्या चुकल्या तर पुढचं सगळं वाया जातं.

आधी बॅटरीवरचा संशय मिटवा

शिसे-आम्लाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. ती पूर्ण भरलेली असेल आणि काही तास निवांत पडून राहिली असेल, तर टर्मिनलवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दिसतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० च्या आसपास म्हणजे जेमतेम पाव उरलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फसवतो, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावरचा चार्ज अजून उतरलेला नसतो. हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा.

मग इंजिन चालू करून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा आला तर चार्जिंग ठीक आहे. १३ च्या खाली अडकला असेल तर चोर शोधत बसू नका. बेल्ट ढिला आहे का, टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढलाय का, इंजिनाची अर्थ केबल (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला परत जाणारी जोडणी) सैल आहे का, हे आधी पाहा. बॅटरी भरतच नसेल तर ती रिकामी का होते हा प्रश्न नंतरचा.

आता ती चाचणी, जी मी सुरुवातीलाच केली असती तर एक बॅटरी वाचली असती. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा. निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा. गाडी जितक्या रात्रींत बसते तितक्या रात्री तशीच राहू द्या आणि मग व्होल्ट मोजा. १२.६ च्या जवळ टिकले असतील तर बॅटरी निर्दोष, चोर गाडीत आहे. केबल काढलेली असूनही व्होल्ट घसरले तर बॅटरीचा एखादा सेल गेलाय. याला काहीही खर्च येत नाही, फक्त दोन-तीन दिवस गाडीवाचून काढावे लागतात. एक काळजी घ्या: काही जुने स्टिरिओ सप्लाय तुटला की कोड मागतात, तो हाताशी असू द्या.

बॅटरीच्या वरच्या बाजूला धूळ आणि आम्लाचा ओलसर थर साचला असेल तर त्यातूनही थोडा करंट एका पोस्टवरून दुसऱ्या पोस्टकडे झिरपतो. मीटरचं काळं टोक निगेटिव्ह पोस्टवर ठेवा आणि लाल टोक बॅटरीच्या प्लास्टिकवरून फिरवा. तिथे व्होल्ट दिसले तर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्या. सोड्याचं पाणी झाकणांतून आत मात्र जाऊ देऊ नका.

बॅटरी पुन्हा पुन्हा बसू देणं स्वतःच एक नुकसान आहे. गाडीची बॅटरी क्षणभर शेकडो अँपिअर द्यायला बनवलेली असते, तिच्या प्लेटा पातळ असतात. पूर्ण उतरलेल्या अवस्थेत ती पडून राहिली की प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि तिची क्षमता कायमची घटते. म्हणून दोष सापडेपर्यंत रात्री निगेटिव्ह काढून ठेवलेली बरी. मी ते केलं नाही, आणि नवी बॅटरी चार महिन्यांतच थकल्यासारखी वागायला लागली.

किती करंट म्हणजे जास्त?

गाडी बंद असतानाही थोडा करंट लागतोच. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, इंजिन कंट्रोल युनिटची मेमरी, रिमोट लॉकचा रिसीव्हर, सगळे मिळून जुन्या गाडीत १० ते ३० मिलिअँपिअर खातात. ५० पर्यंत चालतं असा सर्वसाधारण नियम आहे.

हिशेब सोपा आहे. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची धरा. ५० मिलिअँपिअरने दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात, म्हणजे बॅटरी निम्म्यावर यायला अठरा-एकोणीस दिवस. ४०० मिलिअँपिअर असेल तर दिवसाला ९.६ आणि अडीच दिवसांच्या आत निम्मी. निम्म्यावर आलेली बॅटरी, त्यातही जुनी असेल तर, इंजिन फिरवू शकेल याचा भरवसा नाही.

हाच हिशेब उलटा करा, तो फार कामाचा आहे. गाडी किती तासांत बसते यावरून चोर किती मोठा आहे त्याचा अंदाज येतो. एका रात्रीत बसत असेल तर दोन-तीन अँपिअरचा भार शोधा, ब्रेकलाइटसारखा. दोन-तीन दिवसांत बसत असेल तर अर्ध्या अँपिअरच्या आसपास, म्हणजे पाच वॅटचा एखादा बल्ब, चालू राहिलेला स्टिरिओ, किंवा दोन-तीन रिलेच्या (थोड्या करंटने मोठा भार चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइल. तीन आठवड्यांनी बसत असेल तर कदाचित दोष काहीच नाही, गाडी फार दिवस उभी राहते इतकंच.

मीटर लावताना

डोळ्यांवर चष्मा असू द्या, बोटातली अंगठी आणि हातातलं कडं काढून ठेवा. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीजवळ ठिणगी नको. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

करंट मोजायला मीटर सर्किटच्या मधोमध बसवावा लागतो. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात, काळी कॉमनमध्ये. मग एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टला आणि दुसरं टोक काढलेल्या केबलला. वायर १० अँपिअरच्या भोकात असताना मीटरची टोकं चुकूनही बॅटरीच्या दोन्ही पोस्टना लावू नका, तो सरळ शॉर्टसर्किट होतो. काम संपलं की लाल वायर पहिल्यांदा व्होल्टच्या भोकात परत ठेवायची, ही सवयच लावून घ्या. आणि मीटर असा जोडलेला असताना इग्निशन ऑन करू नका. सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी उडेल.

पहिल्याच वेळी मीटर जोडायची धास्ती वाटत असेल तर त्याच्या जागी आधी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब वायर जोडून लावा. तो लख्ख पेटला तर गळती काही अँपिअरची आहे. अजिबात पेटला नाही किंवा तार जेमतेम लालसर झाली तर मीटर निर्धास्त लावा.

आता एक बारकावा, जो घाईत सुटतो. केबल काढली की गाडीचा सप्लाय तुटतो. चिकटून बसलेला एखादा रिले त्या क्षणी सुटतो, अडकलेलं एखादं युनिट ताजंतवानं होतं, आणि मीटर लावेपर्यंत चोर पळालेला असतो. आकडा २० मिलिअँपिअर दिसतो आणि आपण समजतो सगळं छान आहे. म्हणून केबल काढण्यापूर्वीच निगेटिव्ह पोस्ट आणि केबलचं धातूचं टोक यांच्यामध्ये एक जंपर वायर क्लिपने जोडा. मग केबल उचला, त्या जंपरला समांतर मीटर जोडा, आणि सगळ्यात शेवटी जंपर काढा. गाडीला कळतही नाही की मध्ये काही बदललं. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर ही कसरतच नको, केबलभोवती चिमटा लावला की झालं. मात्र स्वस्त क्लॅम्प मीटर बहुतेक वेळा फक्त एसी मोजतात. आणि शून्यावर आणल्याशिवाय क्लॅम्पचा लहान आकडा खरा धरू नका.

मीटर लावल्या लावल्या दिसणारा आकडाही निकाल नव्हे. अंतर्गत दिव्याचा टायमर, अलार्म, कंट्रोल युनिट यांना झोपायला वेळ लागतो. फारशी इलेक्ट्रॉनिक्स नसलेल्या गाडीत दोन मिनिटं पुरतात, नंतरच्या गाड्यांत वीस ते पंचेचाळीस मिनिटं थांबावं लागतं. माझ्या गाडीत आकडा १.१ अँपिअरवरून सुरू झाला आणि बारा मिनिटांनी ०.२१ वर स्थिरावला.

०.२१ म्हणजे २१० मिलिअँपिअर. चोर होता.

पहिला चोर

फ्यूज एक-एक काढायचा, आकडा पाहायचा, तोच फ्यूज त्याच जागी परत लावायचा आणि पुढे जायचं. फ्यूज पॅनेल बहुतेक जुन्या गाड्यांत डॅशबोर्डखाली असतं, त्यामुळे दरवाजा उघडा ठेवावा लागतो आणि आतला दिवा पेटतो. म्हणून दरवाजाच्या खांबावरचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवायचं, म्हणजे गाडीला वाटतं दरवाजा बंद आहे. ज्या गाडीत हे बटण कुलपाच्या आत असतं, तिथे उघड्या दरवाजाचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद करतात. असं केलं असेल तर दरवाजा लावण्यापूर्वी हँडल ओढून कुलूप मोकळं करायला विसरू नका. मीही हीच चिकटपट्टी लावली. सगळे जण असंच सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं.

ज्यांच्या गाडीत फ्यूज काढल्याने झोपलेली युनिट जागी होतात, त्यांनी फ्यूज न काढता त्यावरचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधला व्होल्टचा फरक, मोजावा. पात्यांच्या फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन उघडे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून टोकं त्या ठिपक्यांवर टेकवायची. करंट वाहत नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण साडेसात मिलिओहम असतो, त्यामुळे १ मिलिव्होल्ट म्हणजे ढोबळमानाने १३० मिलिअँपिअर. मोठ्या अँपिअरच्या फ्यूजचा रोध कमी, म्हणून तेवढ्याच मिलिव्होल्टमागे करंट जास्त. मीटरला ०.१ मिलिव्होल्ट दिसत असतील तरच या पद्धतीचा उपयोग. पण ते दिसत असतील तर पाच मिनिटांत सगळं पॅनेल तपासून होतं.

माझा नववा फ्यूज काढला आणि ०.२१ चे ०.०२ झाले. झाकणावरच्या तक्त्यात त्यासमोर रेडिओ लिहिलेलं. स्टिरिओ ओढून बाहेर काढला. आधीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला होता. अशा स्टिरिओला पिवळी वायर कायम सप्लायची असते, मेमरीसाठी, लाल वायर चावीबरोबर चालू-बंद होणारी, काळी अर्थ. माझ्यात पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायम सप्लायला जोडल्या होत्या. डिस्प्ले बंद दिसायचा, आतला भाग रात्रंदिवस जागा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत हा प्रकार इतका आढळतो की काहीही न मोजता पहिला संशय घ्यायचाच झाला तर मी इथेच घेईन. वेगळा अँप्लिफायर असेल तर त्याला जागी करणारी निळी वायरही पाहा, ती कायम सप्लायला जोडली असेल तर तोही झोपत नाही.

लाल वायर चावीच्या सप्लायवर घेतली, जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवली, पुन्हा मोजलं: ०.०२. मी समाधानाने बॉनेट लावलं.

सोळा दिवसांनी

मधल्या दिवसांत गाडी रोज चालत होती. मग सलग तीन रात्री उभी राहिली आणि पुन्हा टक टक. आधी दोन रात्रींत बसायची, आता तीन रात्री लागल्या. या फरकाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. द्यायला हवं होतं, कारण चोर गेला नव्हता, दोनांपैकी एक गेला होता, हे तो फरक स्पष्ट सांगत होता.

मीटर पुन्हा लावला. ०.०२. जंपरची युक्ती वापरून लावला, तरी ०.०२. तासभर बसून पाहिलं, आकडा हलला नाही. मोजताना चोर नसतो आणि रात्री असतो, याहून वैताग आणणारं काही नाही. मग एक-एक संशयित वगळायला घेतला.

अल्टरनेटर आधी, कारण त्याची जाड केबल बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डखालच्या फ्यूजमधून जातच नाही. सगळे फ्यूज काढूनही करंट कमी होत नसेल तर बोट त्याच्याकडेच जातं. आतल्या रेक्टिफायरमध्ये सहसा सहा डायोड असतात, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे. त्यातला एखादा गळका झाला की बॅटरीचा करंट उलटा अल्टरनेटरमध्ये शिरतो. गाडी रात्रभर उभी असूनही सकाळी अल्टरनेटर हाताला कोमट लागला तर समजून जा. खात्रीसाठी निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड केबल सोडवा, तिचं टोक टेपने गुंडाळा, निगेटिव्हला मीटर लावून फरक पाहा. दुसरी खूण इंजिन चालू असताना मिळते: मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवर मोजा. निरोगी अल्टरनेटरला ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी येतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर डायोड बिघडलाय. एक सूचना, काही मीटर एसीवर ठेवले तरी डीसीचा आकडा मिसळून दाखवतात. तुमचा तसा आहे का हे आधी इंजिन बंद असताना पाहून घ्या, शून्य यायला हवं. अगदी जुन्या, अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या गाडीत उलटा करंट अडवायचं काम कटआउट नावाचा स्विच करतो, त्याचे पॉइंट चिकटले की बॅटरी डायनॅमोमधून रिकामी होते.

माझा अल्टरनेटर निर्दोष निघाला.

मग ब्रेकलाइटचा स्विच. पेडलखालचा रबरी ठोकळा झिजून पडला की पेडल सोडलेलं असूनही स्विच दाबला जात नाही आणि मागचे २१ वॅटचे दोन बल्ब जळत राहतात. तो साडेतीन अँपिअरचा भार आहे, एका रात्रीत बॅटरी संपवतो. माझ्या हिशेबात तो बसत नव्हता, तरी पाहून घेतला.

रिले हाताने चाचपले. कॉइल चालू राहिलेला रिले कोमट लागतो. साध्या १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल एकटी दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते, पुढे जोडलेला भार वेगळा. चावी काढल्यावरही एसेसरी बंद न होणं हा इग्निशन स्विच झिजल्याचा प्रकार असतो. चावी काढून वायपरचा किंवा लायटरच्या सॉकेटचा सप्लाय तपासला की कळतं. डिकीचा आणि ग्लव्हबॉक्सचा दिवा पाहायला मोबाइलचा व्हिडिओ चालू करून मोबाइलच आत ठेवला आणि झाकण लावलं. दोन्ही दिवे झाकण लागताच विझत होते. आपोआप वर-खाली होणारा अँटेना असलेल्या गाड्यांत त्याचे दाते तुटले की मोटर थांबायचं नाव घेत नाही, तेही बघण्यासारखं. माझ्या गाडीला तो नाही. लायटरच्या सॉकेटमधला चार्जर काढला, डॅशकॅम कधीच नव्हता.

सगळं ठीक. आणि गाडी तीन रात्रींत बसतच होती.

चिकटपट्टीने काय लपवलं

मग एकदा हिशेब उलटा करायला बसलो. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी साठ तासांत निम्म्याच्या खाली जाते, म्हणजे गळती ०.४ अँपिअरच्या आसपास. पाच वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर ०.४२ अँपिअर घेतो. म्हणजे कुठेतरी एक साधा छोटा बल्ब जळत असणार, आणि मी मोजतो तेव्हा तो जळत नाही. मी मोजतो तेव्हाची गाडी आणि रात्रीची गाडी यांत फरक काय? रात्री चारही दरवाजे बंद असतात. मी मोजतो तेव्हा ड्रायव्हरचा दरवाजा उघडा असतो, बटणावर चिकटपट्टी लावलेला.

त्या संध्याकाळी मीटर पुन्हा लावला, पण या वेळी धाकट्या भावाला टॉर्च देऊन गाडीत बसवलं आणि दरवाजे लावून घेतले. टायमर संपेपर्यंत वाट पाहिली. ड्रायव्हरचा दरवाजा लागल्यापासून आकडा खाली आलाच नव्हता: ०.४४. महिनाभर जो आकडा दिसत नव्हता तो समोर होता. दरवाजा उघडून बटण बोटाने दाबलं, ०.०२. दरवाजा लावला, ०.४४. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

भावाने आतून एक-एक फ्यूज काढायला सुरुवात केली. आतल्या दिव्यांचा फ्यूज निघताच आकडा पडला. तो परत लावायला सांगितला आणि त्याने टॉर्च बंद केला. थोड्या वेळाने आतून आवाज आला, “दादा, दरवाजाच्या खाली फटीत लाल रेघ दिसतेय बघ.”

दरवाजाच्या कडेला एक लाल दिवा असतो, दरवाजा उघडला की मागून येणाऱ्याला दिसावा म्हणून. दरवाजा लावला की त्याचं तोंड गाडीच्या अंगाकडे जातं आणि तो पेटलेला असला तरी कुणाला दिसत नाही. उघडला की तो पेटलेला दिसणारच, तेच तर त्याचं काम, म्हणून संशयही येत नाही. या दिव्याला एक वायर कायम सप्लायची असते आणि दुसरी खांबावरच्या बटणातून अर्थला जाते. बटण दाबलं गेलं की अर्थ तुटतो आणि दिवा विझतो. आतल्या छताच्या दिव्याला तीच अर्थ वायर असते. पण त्याचा स्विच मी कायम बंदवर ठेवतो, त्यामुळे तो पेटून चाडी करू शकला नाही.

खांब आणि दरवाजा यांच्यामध्ये वायरिंगची जी रबरी नळी असते, ती मागे ओढली. अठरा वर्षांच्या उघडझापीने आतल्या वायरांचं इन्सुलेशन वळणापाशी कडक होऊन तडकलेलं. दिव्याच्या अर्थ वायरचं तांबं बोटाच्या पेराएवढं उघडं होतं. दरवाजा उघडा असला की वायरिंग ताणलं जाऊन ती वायर मधोमध राहायची. दरवाजा लागला की घडी पडून तेच तांबं पत्र्याच्या भोकाच्या कडेला टेकायचं आणि बटणाला वळसा घालून दिव्याला अर्थ मिळायचा. सप्लायची वायर उघडी पडली असती तर फ्यूज उडाला असता आणि दोष त्याच दिवशी सापडला असता. अर्थच्या बाजूची वायर असल्यामुळे काहीच उडालं नाही.

इथे टेप गुंडाळून भागत नाही. वळणावर टेप दोन महिन्यांत सुटतो आणि चिकट होऊन बाकीच्या वायरांना लागतो. मी तडकलेला भाग दोन्ही बाजूंनी कापून टाकला आणि बारीक तारांची लवचीक वायर जोडली. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक खांबाच्या आत आणि एक दरवाजाच्या आत, म्हणजे वळण पडतं तिथे सोल्डर येत नाही. सोल्डर केलेली वायर वळणावर काडीसारखी तुटते. शेजारच्या आणखी दोन वायरांना तडे दिसले, त्याही बदलल्या. त्यातली एक पॉवर विंडोची होती, तिने पुढे मोठा उपद्रव केला असता. पत्र्याच्या भोकाला नवं रबर बसवलं.

तुमच्या गाडीत दिवा वेगळा असेल, दरवाजा वेगळा असेल, किंवा डिकीच्या बिजागरीपाशी हेच घडत असेल. फ्यूज शोधायला दरवाजा उघडावा लागतो हे खरं, पण पहिला आकडा मात्र सगळं बंद करून, कुलूप लावून, गाडी जशी रात्रभर उभी असते तशीच ठेवून घ्या. मीटरच्या वायरा बॉनेटच्या फटीतून बाहेर काढा आणि मीटर बाहेरून वाचता येईल असा ठेवा. बॉनेटखाली दिवा किंवा अलार्मचा स्विच असेल तर बॉनेटही टेकवलेलं हवं. चावीने लॉक करता की रिमोटने, तेही रोजच्यासारखंच करा, कारण अलार्म लागल्यावरच जागं राहणारं युनिट अलार्म न लावता कधीच पकडलं जाणार नाही. पावसात भिजल्यावरच गाडी बसत असेल तर गाडी भिजवून मोजा. मग दरवाजा उघडून, बटण दाबून पुन्हा आकडा घ्या. दोन आकडे सारखे आले तर निर्धास्त फ्यूज काढायला लागा. वेगळे आले तर फ्यूज पॅनेलकडे जाण्याआधी त्या दरवाजाच्या वायरिंगकडे जा.

दुरुस्तीनंतर दरवाजे बंद, लॉक केलेली, पाऊण तास उभी राहिलेली गाडी मोजली: ०.०२ अँपिअर. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरली आणि गाडी मुद्दाम नऊ दिवस हलवली नाही. दहाव्या सकाळी टर्मिनलवर १२.५ व्होल्ट होते आणि इंजिन पहिल्या सेल्फला चालू झालं. फ्यूजच्या झाकणाच्या आत मी एक कागद चिकटवलाय: तारीख, ०.०२, आणि खाली ‘दरवाजे बंद करून’.